काळे पान आणि गालावरचा डाग

रविवारच्या शाळेत शिकविणाऱ्या बंधुभगिनींना शब्दाविना पुस्तक ठाऊकच आहे. त्यात एकही अक्षर नसते. पहिले पान काळे, ते पापाचे. दुसरे लाल, ते तारणाऱ्याच्या रक्ताचे. तिसरे पांढरे, ते धुतलेल्या अंतःकरणाचे. इंग्लंडातील विख्यात उपदेशक स्पर्जन यांनी १८६६ साली लंडनमध्ये अशा तीन पानांच्या पुस्तकावर बोध केला. सोनेरी पान पुढे जोडले गेले. वाचता न येणाऱ्या मुलालाही ते समजते, म्हणून ते जगभर गेले आणि आमच्या सीमाभागातील मंडळ्यांतही आले. आम्ही स्वतः रंगीत कागद कापून आणि खळ लावून अशी कितीतरी पुस्तके तयार केली आहेत.

सुमारे अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. ईश्वरविज्ञानाची पदविका नुकतीच आमच्या हाती पडली होती आणि आपल्याला पुष्कळ कळते असे वाटण्याचे ते दिवस होते. वर्गात आठ वर्षांची एक मुलगी होती. तिच्या उजव्या गालापासून कानापर्यंत जन्मतः काळसर डाग होता, त्यावर बारीक लव होती. आम्ही काळे पान उघडून म्हणालो, "हा पापाचा डाग. तो साबणाने जात नाही, पाण्याने जात नाही, फक्त प्रभू तो काढतो." मुलगी उठून उभी राहिली आणि तिने विचारले, "सर, मग माझापण जाईल?" वर्गातली दोन मुले हसली. आम्हांला त्या क्षणी काय सुचावे? आम्ही म्हणालो, "हो बाळ, प्रार्थना कर, सगळे डाग जातात."

सोमवारी संध्याकाळी तिची आजी तिला घेऊन आमच्या दारात आली. पोरीने न्हाणीघरात पाय घासायची वज्री घेऊन गाल रक्त येईपर्यंत घासला होता. आधी प्रार्थना केली होती, डाग गेला नाही, म्हणून मग वज्री. आजीने एवढेच विचारले, "मास्तर, पोरीला काय शिकवलासा तुम्ही?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुस्तकात दोष नाही, मुलीचा गैरसमज झाला, असे आम्ही त्या वेळी पाळकसाहेबांना सांगितले. आज आमचे मत तसे नाही. मुलीने आमचे बोलणे अगदी बरोबर ऐकले होते.

प्रथम, हा डाग म्हणजे काय वस्तू आहे ते पाहू. आपल्या त्वचेला रंग देणाऱ्या पेशी त्वचेत उगवत नाहीत. गर्भ अवघा काही आठवड्यांचा असताना, जेथे पुढे पाठीचा कणा आणि मज्जारज्जू घडतो त्या रेषेच्या कडेला त्या जन्म घेतात आणि तेथून प्रवास करीत अंगभर पसरतात. हा प्रवास फार लांबचा आहे, आणि लांबच्या प्रवासात सगळेच ठरल्या मुक्कामी पोचतात असे नाही. काही पेशी एका जागी गर्दी करून बसतात; तेथे जन्मजात तीळ किंवा केसाळ काळा डाग होतो. असा लहानमोठा डाग साधारण शंभरांतल्या एका नवजात बालकाच्या अंगावर असतो. पाठभर किंवा पोटभर पसरलेला प्रचंड डाग मात्र वीस हजारांत एखादाच. काही पेशी वाटेतच, कातडीच्या खोल थरात अडकतात. खोलवरचा काळा रंग वरून पाहताना निळसर दिसतो, म्हणून आपल्या पुष्कळ बाळांच्या कमरेवर व कुल्ल्यांवर निळे-करडे पट्टे दिसतात. एर्विन बेल्त्स नावाच्या जर्मन वैद्याने जपानात असताना १८८५ साली त्यांची नोंद केली. ते बहुधा शाळेत जायच्या वयापर्यंत आपोआप पुसले जातात. परदेशात नोकरीस गेलेल्या आपल्या कुटुंबांनी हे लक्षात ठेवावे, कारण असे निळे डाग पाहून कोणीतरी मुलाला मारले आहे, असा तिकडच्या शिक्षकांचा व डॉक्टरांचा समज झाल्याची उदाहरणे आहेत. डोळ्याभोवती आणि गालावर निळसर छटा येते, तिला जपानी वैद्य ओता यांचे नाव आहे. ती आशियातील लोकांत, त्यातही स्त्रियांत अधिक दिसते. लाल किंवा जांभळे डाग निराळे. ते रंगाचे नसून रक्तवाहिन्यांचे असतात. रशियाचे पुढारी गोर्बाचेव्ह यांच्या कपाळावरचा डाग अशा जातीचा होता. १९८५ साली ते सत्तेवर आले तेव्हा सुरुवातीच्या सरकारी तसबिरींतून तो पुसून टाकलेला असे. एवढ्या मोठ्या सत्तेलासुद्धा एका डागाची भीती वाटावी!

आता दोष कोणाचा? मोठ्या काळ्या डागांच्या मुळाशी बहुतेक वेळा एका पेशीतील एका घटकसूत्रात झालेला बदल असतो, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. हा बदल गर्भधारणेनंतर, वाढत्या गर्भातच घडतो. तो आईकडून आलेला नसतो, बापाकडूनही नाही. आईने काय खाल्ले, काय पाहिले, कोणाची निंदा केली, यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

हे लिहिणे सोपे आहे. घराघरांत चालते ते वेगळेच. १६ फेब्रुवारी १९८० रोजी, शनिवारी दुपारनंतर, खग्रास सूर्यग्रहण झाले. त्याची सावली कर्नाटकाच्या किनाऱ्यावरून हुबळी, रायचूरकडून पुढे सरकत गेली. आमची आई त्या वेळी हुबळीला माहेरी होती आणि आम्ही तिच्या उदरात पाच महिन्यांचे होतो. आमची आजी तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती. रोज सकाळी शास्त्र वाचल्याखेरीज चहा न घेणारी. तिने त्या दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावल्या, आईला आतल्या खोलीत निजविले, विळी, सुरी, सुई सगळे दूर केले आणि बजावले, "अंगाला हात लावू नको, जिथं लावशील तिथं पोराला काळं उमटेल." आई बिचारी हात छातीवर बांधून घामात पडून राहिली. पुढे जून महिन्यात आम्ही जन्मलो, आणि वर्षाच्या आत आमच्या पाठीवर रुपयाएवढा, दुधाच्या चहाच्या रंगाचा डाग दिसू लागला. तो आजही आहे. आजीला विचारले तर ती म्हणे, "झोपेत कूस बदलली असंल तिनं." पाळले तरी दोष आईचा आणि न पाळले तरी दोष आईचाच. ज्या समजुतीला कोणत्याच बाजूने खोटे पाडता येत नाही, तिच्यात एका बाईला जन्मभर अडकवून ठेवता येते. आमच्या आईने हसून सोडून दिले, कारण डाग पाठीवर होता आणि आम्ही मुलगा होतो. वर्गातल्या त्या मुलीच्या आईचे तसे नव्हते. आठ वर्षे सासरच्या प्रत्येक बारशाला, प्रत्येक लग्नाला तिला एकच प्रश्न ऐकावा लागला होता, आणि विचारणारे सगळे मंडळीचे सभासद होते.

योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी हाच प्रश्न विचारला आहे. जन्मांध मनुष्य रस्त्याच्या कडेला बसला आहे आणि ते गुरुजींना विचारतात की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी. प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. हे आपण सर्वांनी अनेकदा ऐकले आहे. परंतु अध्याय तेथे संपत नाही, आणि आमच्या उपदेशांत पुढचा भाग क्वचितच येतो. पुढे परूशी त्या मनुष्यावर चिडतात तेव्हा तू सगळाच पापात जन्मलेला असे म्हणून त्याला बाहेर घालवितात. म्हणजे शिष्य आणि परूशी यांचे बाकी कशावरही एकमत नसले तरी या एका गोष्टीवर आहे! शिष्यांनी तो प्रश्न कुतूहलाने विचारला, परूश्यांनी तोंडावर फेकला, एवढाच फरक. आणि मध्ये त्याचे आईबाप. त्यांना बोलाविले तेव्हा ते घाबरून म्हणतात की तो वयात आला आहे, त्यालाच विचारा. सभास्थानाबाहेर घालतील याची त्यांना भीती वाटत होती. आम्ही हा भाग वाचतो तेव्हा आम्हांला आपल्याच घरांतल्या बायका दिसतात.

कोणी म्हणेल, शास्त्रात कातडीवरच्या डागाने शिक्षा झाल्याची उदाहरणे नाहीत काय? आहेत. मिर्याम आहे, अलीशाचा सेवक गेहजी आहे, उज्जीया राजा आहे. ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण मिर्यामेची गोष्ट नीट वाचावी. मोशेने कूशी स्त्री केली म्हणून मिर्याम त्याच्याविरुद्ध बोलली. कूश म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेकडचा, सावळ्या लोकांचा देश. आणि मिर्यामेला जी शिक्षा झाली ती बर्फासारखी पांढरी होण्याची होती. काळ्या कातडीला नाव ठेवणारीवर देवाने गोरेपण लोटले, असेच म्हणा ना. शिवाय या तिन्ही ठिकाणी आधी अपराध दिसतो, मग डाग येतो. डाग पाहून मागे जाऊन अपराध शोधण्याची मुभा शास्त्राने कोणाला दिलेली नाही. ईयोबाच्या मित्रांनी नेमके तेच केले आणि अखेर देवाचा राग त्यांच्यावर भडकला. काइनाच्या अंगावरची खूण तर शिक्षेची नव्हतीच. त्याला कोणी मारू नये म्हणून ती होती.

लेवीय पुस्तकाचा तेरावा अध्याय आपल्याकडे महारोगाचा अध्याय म्हणून ओळखला जातो. त्यातला विकार आजच्या कुष्ठरोगाशी जुळत नाही. तो कपड्यांवर आणि पुढच्या अध्यायात भिंतींवरही चढतो. त्या लांबलचक अध्यायात याजकाला एक गोष्ट पुनःपुन्हा करावयास लावली आहे: पाहा, थांब, सात दिवसांनी पुन्हा पाहा. केस कसा आहे, डाग खोल गेला आहे काय, पसरला काय. पाप काय केलेस, हा प्रश्न त्या तपासणीत एकदाही नाही. आणि कातडीवर फिकट पांढरे ठिपके उठले असतील तर तो मनुष्य शुद्ध आहे, असे त्यात वेगळे सांगितले आहे. कोड आलेल्या आपल्या भावाबहिणींना हे वचन कोणी वाचून दाखविले आहे काय?

या बाबतीत आपण प्रॉटेस्टंट लोकांनी दुसऱ्यांकडे बोट दाखवू नये. शास्त्र स्वतः वाचणारे, अंधश्रद्धा सोडलेले म्हणून ज्यांचे कौतुक होते त्या प्युरिटन लोकांच्या सेलम गावात १६९२ साली चेटकिणींचे खटले झाले. एकोणीस जणांना फाशी दिले, एकाला दगडांखाली चिरडले. आरोपी बायकांची अंगे तपासण्यासाठी बायकांची पंचमंडळी नेमली होती. तीळ, मस, वाढलेली कातडी, काहीही सापडले की ते सैतानाची खूण. रिबेका नर्स ही सत्तरी ओलांडलेली, मंडळीत आदराने वागविली जाणारी स्त्री. तिच्याही अंगावर अशी खूण सापडली. तिने न्यायालयाला लेखी कळविले की असे बदल नैसर्गिक कारणांनीही होतात, आणि तपासणाऱ्यांतली सर्वांत अनुभवी सुईण बाकीच्यांशी सहमत नव्हती. तिला मंडळीतून बहिष्कृत केले आणि १९ जुलै रोजी फाशी दिले. १७१२ साली त्या मंडळीने बहिष्कार मागे घेतला, वीस वर्षांनी. या खटल्यांतील एक न्यायाधीश जॉन हॅथॉर्न. त्यांचे वंशज नॅथॅनिएल हॉथॉर्न मोठे कथाकार झाले, आणि १८४३ साली त्यांनी जन्मखुणेवरच एक कथा लिहिली. एका शास्त्रज्ञाच्या बायकोच्या गालावर इवल्या हाताच्या आकाराची खूण आहे. नवऱ्याला ती सोसवत नाही. तो औषध देतो. खूण जाते आणि बायकोही जाते. लग्नाआधी तिला त्या खुणेचे काही वाटत नव्हते. नवऱ्याची नजर सोसून सोसून तिलाच तिचा वीट आला. आम्ही ही कथा वाचली तेव्हा आम्हांला वज्री आठवली.

आता काळ्या पानाकडे वळू. शास्त्रात डागाची भाषा आहेच. निष्कलंक कोकरा आहे. इफिसकरांस पत्रात मंडळी डाग किंवा सुरकुती नसलेली अशी सादर होईल असे म्हटले आहे. ती भाषा काढून टाकावी असे आम्ही म्हणत नाही. पण त्या एका वाक्यात डाग आणि सुरकुती शेजारी शेजारी आहेत, हे पाहा. आमच्या मंडळीत नव्वदीच्या आजीबाई पुढच्या बाकावर बसतात. हे वचन ऐकून आपल्या सुरकुत्या म्हणजे पाप, असे त्यांच्या मनात कधीही आले नसेल. मग त्या मुलीच्याच मनात का आले? कारण आजीबाईंना तुमच्या सुरकुत्या कोणाच्या दोषाने, असे कोणी कधी विचारले नाही. मुलीला मात्र जन्मापासून तेच ऐकावे लागले होते. उपमा वाईट नव्हती. पण ती ज्या वर्गात नेली तेथे ती उपमा राहिलीच नाही. रूपक सांगताना समोर कोण बसले आहे हे पाहणे शिक्षकाचे काम, आणि ते आम्ही केले नाही.

शिवाय पाप काळेच असले पाहिजे हे कोठून आले? यशयाने पापाला लाल रंग दिला आहे, काळा नव्हे. गीतरत्नातील वधू आपण काळी असून सुंदर आहोत असे अभिमानाने सांगते. सावळ्या लोकांच्या देशात काळे पान दाखवून 'हे पाप' म्हणताना आमच्यापैकी किती जणांनी क्षणभर विचार केला असेल? मडगावपासून इंदूरपर्यंत आपल्या मंडळ्यांत ज्यांचे पूर्वज केवळ जन्मामुळे अस्पर्श्य ठरले, जन्मालाच कलंक मानले गेले, अशी घरे थोडी नाहीत. आपल्याला तरी ही गोष्ट कोणी समजावून सांगावी लागू नये.

दुसऱ्या बाजूची चूकही सांगितली पाहिजे, कारण भली माणसे ती अधिक करतात. डागाला दोष म्हणू नये म्हणून ती त्याला काहीच म्हणत नाहीत. "देवाने दिलेली खूण आहे, सुंदर आहे, हात लावू नका." प्रेमाने म्हणतात, पण डाग कधी कधी खरोखरच काही सांगत असतो. आमच्या पाठीवर आहे तसा दुधाच्या चहाच्या रंगाचा एखाददुसरा डाग निरुपद्रवी असतो. पण लहान मुलाच्या अंगावर पाच मिलिमीटरपेक्षा मोठे असे सहा किंवा अधिक डाग असतील, तर मज्जातंतूंवर गाठी येणाऱ्या एका आजाराची ती पहिली सूचना असू शकते. फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी १८८२ साली त्या आजाराचे वर्णन केले. तो सुमारे तीन हजारांत एकाला असतो, आणि त्यातल्या जवळजवळ अर्ध्या जणांच्या आईबापांत तो नसतो. अशा मुलाचे डोळे, पाठीचा कणा, अभ्यासातील अडचणी यांवर वेळोवेळी लक्ष ठेवावे लागते. डोळ्याभोवतीच्या निळसर डागात डोळ्यातील दाब वाढण्याचा संभव असतो, म्हणून नेत्रतज्ज्ञाकडे जावे. कमरेच्या मधोमध केसांचा झुबका किंवा खोल खड्डा असेल तर आतील कण्याची तपासणी करावी. फार मोठ्या केसाळ डागात थोड्या लोकांना पुढे कर्करोग होतो. म्हणून डाग अचानक वाढला, त्याच्या कडा बदलल्या, त्यातून रक्त आले, गाठ आली, तर वाट पाहू नये. चुना आणि धुण्याचा सोडा लावून तीळ जाळण्याचा जो उद्योग आपल्याकडे चालतो तो तर कोणीही करू नये. लक्षण आणि कलंक हे दोन वेगळे शब्द आहेत. लक्षण वाचणे हे त्या लेवीय याजकाचे काम होते, आज त्वचारोगतज्ज्ञाचे आहे. कलंक वाचणे हे कोणाचेच काम नाही.

मग डाग काढून घ्यावा काय? आमच्याकडे एका बंधूंनी सभेत ठामपणे सांगितले की देवाने घडविलेला चेहरा बदलणे हा अविश्वास आहे. ते बंधू चष्मा लावतात आणि केसांना कलप लावतात, हे आम्ही त्यांना तेथे म्हटले नाही. प्रभूने त्या जन्मांधाला आहेस तसाच समाधानी राहा असा उपदेश केला नाही. चिखल लावला आणि शिलोहाच्या तळ्यावर धुवावयास पाठविले. तेव्हा उपचारात अविश्वास नाही. निळसर डागांवर लेझरचा उपयोग चांगला होतो. केसाळ काळ्या डागांवर तितका होत नाही, तेथे टप्प्याटप्प्याने शस्त्रक्रिया करावी लागते आणि तिचा व्रण राहतोच. उलट, काढण्याचा आग्रह धरणारेही आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांच्या मनात मुलीच्या सुखापेक्षा स्थळाची काळजी अधिक असते. ज्याच्या अंगावर डाग आहे त्याने, जाणत्या वयात, डॉक्टरांना विचारून ठरवावे. ज्यांच्या गालावर काही नाही त्यांनी स्वीकारावर उपदेश करू नये. आम्हीही करणार नाही.

स्थळाचा विषय निघाला म्हणून सांगतो, कारण हा लेख लिहिण्याचे कारण तेच आहे. ती मुलगी आता सव्वीस वर्षांची आहे. एका कार्यालयात हिशेब पाहते, आणि गेली तीन वर्षे आमच्या शाळेतला लहान वर्ग घेते. शब्दाविना पुस्तक ती वापरत नाही. आम्ही कधी विचारले नाही, तिने कधी सांगितले नाही. यंदा वडोदऱ्याच्या एका कुटुंबाकडून विचारणा आली. तिची आई आमच्याकडे आली आणि दोन फोटो पुढे ठेवले. एकात मुलगी समोर पाहते आहे, दुसऱ्यात डावीकडून घेतलेला चेहरा आहे. "भाऊजी, कुठला पाठवू?" तिने विचारले. "तुम्ही मध्यस्थ, तुम्हीच सांगा. खोटं बोलायचं नाही, पण पहिल्यांदाच घाबरवायचं पण नाही."

आम्ही पुष्कळ विचार केला. फोटो डावीकडून काढला म्हणून खोटे होते काय? प्रत्येक लग्नाच्या फोटोत काहीतरी लपविलेलेच असते. मुलाच्या टकलावर कॅमेरा कधी फिरत नाही. आजार असेल, संततीत उतरणारा असेल, तर ते जोडीदाराला आधी सांगितले पाहिजे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. वर सांगितलेला गाठींचा आजार ज्याला आहे त्याच्या प्रत्येक अपत्याला तो होण्याचा संभव निम्मा असतो. तेथे मौन हे खोटेपणच ठरेल. पण जो डाग केवळ डाग आहे त्याचा जाहीरनामा मागण्याचा अधिकार कोणाला आहे? कुष्ठरोगासारखा आजार बरा होत असूनही ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोटाच्या कायद्यात तो घटस्फोटाचे कारण म्हणून राहिला होता. २०१९ साली तो वगळला गेला. कायद्यालाही जे शिकावयास दीडशे वर्षे लागली ते घराण्यांना एका पत्रात कसे शिकवावे? तरीही डावीकडचा फोटो पाठवा असे म्हणावयास आमची जीभ रेटेना, कारण त्या फोटोने वडोदऱ्याच्या लोकांची फसवणूक झाली असती की नाही कोण जाणे, पण मुलीला मात्र आम्ही दुसऱ्यांदा सांगितले असते की तुझा अर्धा चेहरा दाखविण्याजोगा नाही. हे आम्ही तिच्या आईला म्हणालो. वहिनी बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तिलाच विचारते."

तिने समोरचा फोटो पाठविला. दहा दिवसांनी तिकडून पत्र आले. पत्र सभ्य होते. मुलीचे शिक्षण, नोकरी, मंडळीतील सेवा सर्व पसंत आहे. एकच शंका, ती खूण मुलांत उतरते काय, आणि ती कशामुळे झाली, हे कळविल्यास बरे. वहिनींनी ते पत्र रडत आमच्या हातात दिले आणि उत्तर तुम्ही लिहा म्हणाल्या. आम्ही कागद घेऊन बसलो, पेशींचा प्रवास, २०१३ चे संशोधन, योहानाचा नववा अध्याय, सगळे लिहिण्याच्या तयारीने. मुलीने कागद आमच्या हातून घेतला. "सर, मी लिहिते," म्हणाली, आणि तिथेच मेजाच्या कोपऱ्यावर पाच ओळी लिहून दाखविल्या. डॉक्टरांनी तपासले आहे. खूण सहसा मुलांत उतरत नाही. ती कोणाच्या चुकीने झालेली नाही. मला तिचा त्रास नाही. तुमच्या घराण्यात मधुमेह किंवा रक्तदाब कोणाला आहे काय, हे कळविल्यास बरे.

शेवटची ओळ काढावी काय, असे वहिनींनी आमच्याकडे पाहून विचारले. आम्ही नको म्हणालो. पत्र गेल्या मंगळवारी टाकले आहे.